युरोमास्टिक्स पाळताय? पाला स्वस्तात मिळेल, ऊन मात्र विकत घ्यावं लागेल

आपल्याकडं सातारा-सांगली साइडला आता बऱ्याच पोरांना युरोमास्टिक्सचं वेड लागलंय, रील बघतात, काटेरी शेपटीचा पिवळा-नारंगी सरडा दगडावर पसरून पडलेला दिसतो, झाडपाला खातो, किडे-मुंग्या आणायची भानगड नाही, वासही नाही, मग वाटतं की हे तर ससा पाळण्यापेक्षा सोपं. खाण्याच्या बाबतीत खरंच सोपं आहे. पण हा वाळवंटातला प्राणी आहे आणि त्याला लागतं ते ऊन, म्हणजे नुसती उष्णता नव्हे, अंगावर पडणारं कडक, कोरडं, अल्ट्राव्हायोलेटवालं ऊन, आणि ते आपल्या हॉलमध्ये तयार करायचं म्हणजे सगळा खर्च आणि सगळं डोकं तिथंच जातं. त्यामुळं लिहिताना मी पण पाल्यापेक्षा उन्हावरच जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तरी तो भाग गाळू नका.

त्याआधी कायद्याचं. राजस्थान आणि कच्छमध्ये जो सांडा सापडतो तो याच घराण्यातला, पण तो आपला देशी वन्यप्राणी आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला संरक्षण आहे, तो पकडणं, विकणं, घरात ठेवणं सगळं गुन्हा आहे. आठवडी बाजारात रस्त्याकडेला सांड्याचं तेल विकणारे बसलेले असतात, कधी कधी त्यांच्याजवळ जिवंत सांडे पण असतात, पाठ मोडलेले, बिचारे हलू पण शकत नाहीत. दया येऊन पण तिथून विकत घेऊ नका, कारण तुम्ही पैसे दिले की तो पुढच्या बाजाराला अजून दोन घेऊन येतो, त्यापेक्षा वनविभागाला फोन करा. तेलाचा औषधी उपयोग वगैरे सगळी थाप आहे, ती चरबी आहे, बाकी काही नाही.

पाळीव म्हणून मिळतात ते परदेशी युरोमास्टिक्स, आफ्रिका आणि अरबस्तानातले. सहाराचा गेरी, मालीचा काळा-पिवळा, इजिप्त-सौदी साइडचा ऑर्नेट, आणि इजिप्शियन जो अडीच फुटांपर्यंत जातो. हे सगळे साइटिस, म्हणजे वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि आपल्या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाल्यापासून आणि २०२४ चे नियम आल्यापासून असा प्राणी ठेवायचा तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, नंतर कुणाला दिला, पिल्लं झाली, मेला, तरी कळवावं लागतं. विकणारा जर म्हणाला कागद नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो, तर तिथंच विषय संपवा. आणि कागद मिळाले की त्याची प्रिंट काढून पिंजऱ्याजवळच ठेवा, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो घोरपडच वाटणार, कुणीतरी एक जण वनविभागाला कळवणारच, आणि त्यात त्यांचं पण काही चुकत नाही कारण घोरपड पाळणं खरोखरच गुन्हा आहे.

अजून एक, घेताना वय विचारा. हे प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतात, नीट ठेवले तर त्याहून जास्त. दहावीतल्या पोराला घेऊन दिला तर त्याचं लग्न होईपर्यंत तो घरात असणार आहे, हे आई-वडिलांनी लक्षात घ्यावं कारण पोरगं पुण्याला कॉलेजला गेलं की पाला चिरायचं काम आईवरच येतं.

पेटी

काचेचा फिश टँक घेऊ नका, कोरडा राहत नाही, हवा खेळत नाही आणि वरून उचलायला गेलं की त्याला घारीनं झडप घातल्यासारखं वाटतं. सरळ ओळखीच्या सुताराकडं जा आणि प्लायवुडची पेटी करून घ्या, पुढं सरकत्या काचा. मध्यम जातीसाठी चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच हे कमीत कमी धरा, इजिप्शियन असेल तर त्याच्या दुप्पट, म्हणजे पलंगाएवढी जागा, तेव्हा तो घेऊच नका. एमडीएफ वापरायचं नाही, आपल्याकडच्या पावसात ते फुगतं. आतून सनमायका लावला तर पुसायला सोपं. एका बाजूला खाली जाळी आणि दुसऱ्या बाजूला वर जाळी, म्हणजे थंड हवा खालून येते आणि गरम वरून निघते, पंख्याची गरज नाही. फेव्हिकॉल, वॉर्निश, जे काय लावलं असेल त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी दिवे लावून चालवा, आठवडा-दोन आठवडे, त्या निमित्तानं तापमान पण सेट होतं. प्राणी आणायच्या आधी पेटी तयार पाहिजे, प्राणी खोक्यात आणि सुतार उद्या येतो असं नको.

पेटी लांब पाहिजे याचं कारण असं की एका टोकाला भट्टी आणि दुसऱ्या टोकाला सावली, दोन्ही एकाच वेळी पाहिजे. हा प्राणी स्वतःचं अंग स्वतः गरम करू शकत नाही, उन्हात जायचं, तापायचं, मग सावलीत यायचं असं दिवसभर त्याचं चालू असतं. पेटी लहान असली की सगळीकडं सारखंच तापतं आणि त्याला पळायला जागा उरत नाही.

ऊन

आता मुद्द्याचं. जिथं तो शेकत बसणार त्या दगडाचा पृष्ठभाग ५० ते ५५ अंश सेल्सिअस पाहिजे. हो, बरोबर वाचलंत, पन्नास. आपल्या हाताला चटका बसतो तेवढा. सांगलीत मे महिन्यात चाळीस झालं की आपण दारं-खिडक्या लावून बसतो, आणि याला त्याच्यावर दहा-पंधरा पाहिजे, पण फक्त त्या एका जागी. दगडाच्या भोवतालची हवा ३५ ते ४० पर्यंत, सावलीच्या टोकाला २६ ते ३०, आणि रात्री सगळे दिवे बंद, तेव्हा वीस-बावीसपर्यंत उतरलं तरी चालतं, उलट उतरलंच पाहिजे, वाळवंटात रात्री गार पडतं.

एवढं गरम कशाला, तर पचनाला. पाला पचवणं अवघड काम आहे, त्याच्या मोठ्या आतड्यात जंतू असतात, ते पाल्यातला तंतू आंबवतात, आणि ते जंतू अंग तापलेलं असेल तरच काम करतात. अंग थंड असेल तर खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं, पोट फुगतं, मग खाणं बंद. लोक विचारतात आमचा युरो खात नाही, काय देऊ, मेथी देऊ का कोथिंबीर, तर दहातल्या बहुतेक वेळा उत्तर पाल्यात नसतं, दिव्यात असतं.

उष्णतेसाठी साधा हॅलोजन फ्लड बल्ब, पार ३८ म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, ७५ ते १०० वॉट, एकाचा झोत कमी पडला तर शेजारी शेजारी दोन लावा म्हणजे पूर्ण अंगावर सारखं ऊन पडतं, नुसत्या पाठीच्या मधोमध नाही. एलईडी अजिबात चालत नाही, त्यात उष्णताच नाही. रात्रीसाठी म्हणून लाल-निळे बल्ब विकतात ते घेऊ नका, त्याला रंग दिसतात आणि झोप मोडते. गरम होणारा नकली दगड, जो वायर लावून चालतो, तो तर मुळीच नको, पोट भाजतं आणि त्याला कळत पण नाही, कारण त्याची सवय वरून तापायची.

खाली शेकायला कडप्पा. किचन ओटा करणाऱ्यांकडं तुकडे पडलेले असतात, बऱ्याचदा फुकट देतात, काळा दगड पटकन तापतो आणि बराच वेळ गरम राहतो. दोन-तीन तुकडे एकावर एक रचून मधे फट ठेवा म्हणजे खाली लपायला गरम जागा तयार होते. पण रचताना दगड थेट पेटीच्या तळावर टेकवा आणि मग माती भरा, मातीवर रचायचं नाही, कारण हा खोदतो, खणून खणून खालची माती काढतो आणि दगड अंगावर येतो. कोपरे घासून घ्या. शहाबादी फरशी पण चालते, फक्त ती थोडी उशिरा तापते.

तापमान मोजायला अंदाज चालत नाही. इन्फ्रारेड गन लागते, पण कोविडच्या वेळची कपाळावर धरायची गन घरात असते ती नको, ती अंगाचा ताप मोजायला केलेली आहे, ४२-४३ च्या वर नुसतं हाय असं दाखवते. हार्डवेअरवाली, मशीनचं तापमान मोजायची गन मागा. गनने दगडाचं तापमान कळतं, हवेचं नाही, हवेसाठी दोन्ही टोकांना एक-एक डिजिटल थर्मामीटर लावा, त्यातच आर्द्रता पण दिसते.

दुसरा भाग यूव्हीबी, म्हणजे उन्हातली अल्ट्राव्हायोलेट किरणं. हॅलोजनमधून उष्णता मिळते, यूव्हीबी नाही, त्यासाठी वेगळी ट्यूब लागते, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच पैसे वाचवायला बघतात. यूव्हीबी नसेल तर कातडीत व्हिटॅमिन डी-थ्री तयार होत नाही, डी-थ्री नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही, मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, हातपाय थरथरतात. टी-फाइव्ह हाय आउटपुटची लांब ट्यूब घ्या, अर्काडियाची १२ किंवा १४ टक्केवाली, नाहीतर झू मेडची १०.० वाली, पेटीच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा जरा मोठी, आणि ती उष्णतेच्या टोकालाच लावा म्हणजे तो शेकायला बसला की दोन्ही एकदम मिळतं, निसर्गात सूर्य एकच असतो. सीएफएलसारखे छोटे वळलेले यूव्हीबी बल्ब मिळतात ते या प्राण्याला कमी पडतात. दगडापासून ट्यूब फूट-दीड फुटावर, नेमकं अंतर बॉक्सवर लिहिलेलं असतं ते बघा. मधे काच किंवा अ‍ॅक्रेलिक आलं तर यूव्हीबी जवळजवळ संपतं, बारीक जाळी आली तर बरंच कमी होतं, म्हणून ट्यूब पेटीच्या आतच, छताला. वर्षानं ट्यूब बदलायची, पेटलेली दिसते तरी, कारण उजेड राहतो आणि यूव्हीबी कमी होत जातं.

खिडकीतल्या काचेतून येणाऱ्या उन्हात ठेवतो की, असं म्हणणारे पण भेटतात. त्या काचेनं यूव्हीबी अडतं, नुसतं गरम होतं. खरं ऊन द्यायचं तर बाहेर द्या, आणि ते द्याच, आपल्याकडं पावसाळा सोडला तर कोवळं-कडक सगळं ऊन फुकट आहे. जाळीचा पिंजरा, अर्ध्यावर पोतं टाकून सावली, सकाळी तासभर. काचेची किंवा प्लास्टिकची पेटी उन्हात ठेवायची नाही, काही मिनिटांत आतला प्राणी मरतो, वाळवंटातला असला तरी मरतो. आणि पिंजऱ्याजवळ माणूस पाहिजे, घार, कावळा, मांजर, मुंगूस, गच्चीवर यातलं काहीतरी येतंच.

दिवे उन्हाळ्यात १३-१४ तास आणि थंडीत १०-११ तास, टायमर लावून टाका. लाइट गेली तर? आपल्याकडं जाणारच. दिवसा दोन-चार तास गेली तर घाबरायचं काही नाही, तो आपला दगडाखाली जाऊन पडतो. इन्व्हर्टरवर हॅलोजन चालवू नका, बॅटरी खाऊन टाकतो, फक्त ट्यूब जोडा. पण सकाळपासून लाइट नसेल, शेकायला मिळालंच नसेल तर त्या दिवशी पाला देऊ नका. आणि व्होल्टेज वर-खाली होऊन हॅलोजन उडतात, एक-दोन जादा घरात असू द्या, रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं तेव्हाच तो उडतो.

पावसाळा

हा आपल्या भागातला खरा प्रश्न. या प्राण्याला हवेतली आर्द्रता तीसच्या आसपास पाहिजे आणि साताऱ्यात, कराडला, पाटणला जुलैमध्ये आर्द्रता ऐंशी-नव्वद असते, कपडे वाळत नाहीत तिथं वाळवंट कुठून आणणार. जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या लोकांना हे जरा सोपं जातं, कोरडी हवा आयती मिळते. महाबळेश्वर, कोयनेच्या बाजूला राहणाऱ्यांनी मात्र मला विचारलं तर हा प्राणी घेऊ नये, गेको (पालीच्या कुळातला) किंवा दुसरं काहीतरी बघावं.

बाकीच्यांनी काय करायचं, तर पेटी बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवायची नाही, ओल आलेली भिंत तर नाहीच. हवा तापली की तिची आर्द्रता आपोआप खाली येते, म्हणून दिवे वेळेवर आणि पूर्ण तास चालू. जाळ्या मोकळ्या. खोलीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, सगळ्यांच्या घरी घालतात, पण त्या खोलीत नको. पाण्याची वाटी पावसाळ्यात काढून टाका. पाला धुतल्यावर नीट निथळून, फडक्यात गुंडाळून कोरडा करून द्या, आणि दुपारपर्यंत उरलेला उचला. इतकं करून पण साठच्या खाली येत नसेल तर डीह्युमिडिफायर घ्यावा लागतो, महाग आहे, पण घेतला की घरातले पापड-मसाले पण खुश.

ओलाव्यानं नुकसान काय होतं तर छातीचा संसर्ग होतो, तोंड उघडून श्वास घेतो, नाका-तोंडाशी बुडबुडे दिसतात, कातडीवर बुरशी येते, शेपटीचं टोक काळं पडून वाळत जातं. यातलं काही दिसलं तर हळद लावून थांबू नका, डॉक्टर गाठा.

तळाला काय घालायचं यावर पण पावसाचा परिणाम होतो. परदेशात बरेच जण तळाला बाजरी-राळ्याचे दाणे पसरतात, दाणा खाल्ला तरी अडचण नाही म्हणून. आपल्याकडं ते पावसाळ्यात बुरशी धरतं, किडे होतात, टोके सगळ्या घरात जातात. लहान पिल्लाला वर्तमानपत्र किंवा साधी फरशी, मोठ्याला चाळलेली माती आणि धुतलेली वाळू मिसळून, दाबून घट्ट केलेली, चार-सहा इंच. वाळूचा भाव बघता पोतंभर मागायला लाज वाटते, पण बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी घमेलंभर कुणीही देतं. कॅल्शियम सँड म्हणून रंगीत पाकीट मिळतं ते नको, चाटून चाटून पोटात गोळा होतो.

खाणं

आता सोपा भाग, आणि इथं आपण नशीबवान आहोत. परदेशातले लोक डँडेलियन शोधत फिरतात, आपल्याकडं गाई-म्हशीवाल्याकडं लसूणघास आहे. दूध आणायला जाता तिथंच एक पेंढी मागा, कॅल्शियम भरपूर, तंतू भरपूर, आणि हे प्राणी आवडीनं खातात. फक्त एक विचारायचं की औषध मारलंय का आणि कधी मारलंय. नुसता लसूणघास रोज नको, त्यात प्रोटीन जरा जास्त आहे, मिसळून द्या.

दुसरा शेवगा. शेवग्याचा पाला म्हणजे कॅल्शियमची खाण, आणि झाड प्रत्येक वाडीत आहे. कोवळा पाला, देठ काढून. हादग्याचा पाला आणि फुलं, जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, मेथी, कोथिंबीर, गाजराचा वरचा पाला, हे सगळं आलटून पालटून. निवडुंगाचे फडे, काटे आणि बारीक कुसळं विस्तवावर भाजून काढून, वरचं साल सोलून बारीक तुकडे, उन्हाळ्यात हे फार चांगलं, त्यात पाणी पण असतं. माण-खटावकडं बांधाबांधाला निवडुंग आहे, पोतंभर मिळेल, पण हातमोजे घाला, ती बारीक कुसळं निघता निघत नाहीत.

पाल्यात बघायचं ते एवढंच की कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट असावं आणि ऑक्झलेट कमी असावं, कारण ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. म्हणून पालक, आंबट चुका, चाकवत, बीटाची पानं, राजगिरा, घोळ हे रोजच्या ताटातून बाद. आपल्या तब्येतीला चांगले म्हणून त्याला चांगले असं नाही. तांदुळजा कधीतरी चिमूटभर. कोबी, फ्लॉवर, मुळ्याचा पाला, मोहरी पण कधीतरीच, जास्त झालं तर थायरॉइडला त्रास. काकडी आणि कलिंगड म्हणजे नुसतं पाणी, फार झालं की हगवण. लाल भोपळा किंवा गाजर किसून आठवड्यातून दोनदा, रंगासाठी खातात बिचारे, नारंगी-पिवळं दिसलं की पहिलं तेच उचलतात, मग तुम्ही कॅल्शियमची पावडर त्याच्यावरच टाकायची. फळं जवळजवळ नकोच, साखरेनं आतड्यातले जंतू बिघडतात.

तासगाव-मिरजेकडच्या लोकांसाठी खास. द्राक्षाची पानं या प्राण्याला खायला उत्तम, परदेशी पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं, पण आपल्या बागेतली पानं द्यायची नाहीत. छाटणीपासून बोर्डो, बुरशीनाशक, कीटकनाशक, पानावर काय काय बसलेलं असतं ते बागायतदारालाच माहीत, आणि दोनदा धुऊन ते जात नाही. परसात एखादा वेल बिनफवारणीचा असेल तर खुशाल द्या. तसंच देवाला आणलेली बाजारातली गुलाब-झेंडूची फुलं पण नको, त्यावर पण फवारे असतात, कुंडीतली घरची द्या.

विषारी झाडं ओळखायला शिका, विशेषतः रस्त्याकडेचा पाला तोडून देणार असाल तर. कण्हेर, धोत्रा, रुई, एरंड, घाणेरी, गाजरगवत, टोमॅटो-बटाट्याचा पाला, यातलं काही जाता कामा नये. कांदा-लसूण पण नाही. ओळख पटत नसेल ते तोडूच नका, मेथीची जुडी दहा-वीस रुपयाला मिळते.

पाल्याबरोबर थोडं कोरडं. रानात हे प्राणी वाळलेल्या बिया चरतात, म्हणून एका छोट्या झाकणात मसूर डाळ, मूग डाळ, राळं, वरी असं मिश्रण पडून राहू दे, अख्ख्या खाण्याच्या साधारण दहावा हिस्सा. मटकीला मोड आणून दिले तर त्यावर तुटून पडतात. लहान पिल्लाला डाळ जाडसर भरडून. हरभरा, शेंगदाणे, सूर्यफूल नको, फार जड. चपाती, भात, फरसाण, कुत्र्याचं खाणं, यातलं काही नाही, पाहुणे आले की हे सांगावं लागतं. आणि किडे पण नाही. झुरळ-नाकतोडा टाकला तर तो खाईल, पोरांना मजा वाटते, पण एवढं प्रोटीन त्याच्या किडनीला झेपत नाही, गाउट होतो, सांधे सुजतात, आणि तो परत बरा होत नाही.

वेळ महत्त्वाची. सकाळी दिवे लागल्यावर तास-दीड तास शेकू द्या, मग पाला. त्यानंतर पचायला उन्हाचे बरेच तास हातात राहिले पाहिजेत, म्हणून संध्याकाळी ऑफिसवरून येऊन जेवण देणारा माणूस असाल तर दिव्यांची वेळ तशी सरकवा. पिल्लाला रोज, बारीक चिरून. मोठ्याला रोज किंवा आठवड्यातून एक उपास, एकादशीला ठेवला तरी चालेल. शेपटीचं मूळ आणि कंबर भरलेली दिसली म्हणजे खाणं पुरतंय, तिथं हाडं दिसायला लागली की कमी पडतंय. किचनच्या काट्यावर आठवड्याला वजन करून कॅलेंडरवर लिहा, नुसत्या डोळ्यांना फरक उशिरा कळतो.

कॅल्शियम वेगळं द्यावंच लागतं. साधं कॅल्शियम कार्बोनेट, डी-थ्री नसलेलं, पिल्लाच्या पाल्यावर जवळजवळ रोज चिमूटभर, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. डी-थ्रीवालं महिन्यातून एक-दोनदाच, ते जास्त झालं तर अंगात साठतं. सरपटणाऱ्या प्राण्यांची मल्टिव्हिटॅमिन पावडर पंधरा दिवसांनी. पावडर मिळत नसेल तर काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तोच, तो किसून वापरा. पानाचा चुना कृपा करून नको, आपल्याकडं सगळ्यावर चुना सांगतात, तो दाहक असतो, तोंड आणि घसा भाजतो.

पाणी? बहुतेक पाल्यातूनच मिळतं. उन्हाळ्यात पाल्यावर थोडं शिंपडा, आणि नवीन आणलेला असेल तर ड्रॉपरनं ओठाच्या कडेला दोन थेंब लावून बघा, प्रवासातून आलेले बरेच जण तहानलेले असतात. कुशीवर सुरकुत्या, खोल गेलेले डोळे, विष्ठेबरोबर येणारा पांढरा खडा पिवळसर-कडक, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं. तसं दिसलं तर कोमट पाण्यात पोट बुडेल एवढं पंधरा मिनिटं बसवा आणि नीट पुसून दिव्याखाली सोडा. नाकपुडीशी पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, सर्दी नाही, जास्तीचं मीठ तो नाकातल्या ग्रंथीतून बाहेर टाकतो.

थोडं इकडचं तिकडचं

नवीन आणला की पहिले काही आठवडे तो लपून बसणार, खाणार नाही किंवा तुम्ही नसताना खाणार. काढून हातात घेऊ नका, दाखवायला मित्र बोलावू नका. रोज त्याच वेळी हळू हात आत घालून पाला ठेवा, एवढंच. शेपटी मारतो, काटे लागतात, चावत सहसा नाही. थंड असताना काळपट दिसतो आणि तापला की रंग खुलतो, त्यामुळं दुपारी पण काळपटच असेल तर आधी दगडावर गन धरा.

एका पेटीत एकच. दोन नर भांडतात, नर-मादीत पण मादीला शेकायच्या दगडावर बसू दिलं जात नाही आणि ती आतल्या आत खंगते, बघणाऱ्याला वाटतं दोघं एकमेकांवर चढून प्रेमानं बसलेत.

डिसेंबर-जानेवारीत खाणं कमी करून दिवसेंदिवस दगडाखाली पडून राहिला तर मोठ्या, भरलेल्या प्राण्यात ते नैसर्गिक आहे, वजन उतरत नाही ना एवढं बघा. पिल्लू किंवा बारीक प्राणी असेल तर त्याला झोपू देऊ नका, दिव्यांचे तास उन्हाळ्यासारखेच ठेवा.

डॉक्टर आधी शोधा, मग प्राणी आणा. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्री बघतात, त्यांनी आयुष्यात युरोमास्टिक्स हातात घेतलेला नसतो, त्यांचा दोष नाही. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करून सरपटणारे प्राणी कोण बघतं ते विचारा, नाहीतर पुण्यात एक्झॉटिक बघणारे डॉक्टर मिळतात. आणल्यावर पहिल्या महिन्यात विष्ठा तपासून घ्या, जंगलातून पकडलेल्या जनावरात जंत भरपूर असतात. आणि हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, लहान पोरांनी तर नक्की, सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. पाला चिरायचा चाकू आणि पाटी पण वेगळी ठेवा, वहिनीच्या विळीवर चिरू नका.

गावच्या जत्रेला, लग्नाला दोन दिवस जायचं तर मोठा युरो पाल्याविना राहतो, टायमर चालू असला की झालं, झाकणात डाळ भरून जा. चार दिवसांवर जायचं असेल तर शेजारच्या काकूंना चिठ्ठी लिहून द्या, सकाळी पाला टाकायचा, संध्याकाळी उरलेला काढायचा, बल्बला हात लावायचा नाही, आणि काच पूर्ण सरकवून लावली का ते बघायचं, कारण बाहेर निघाला तर तो फ्रिजच्या मागं गरम जागेत जाऊन बसतो आणि तिथून त्याला काढताना फ्रिज हलवायला दोन माणसं लागतात.